प्रीमियर प्रोमधील नेस्टेड सिक्वेन्स : रात्रभराच्या दशावताराच्या संकलनातून केलेले परीक्षण

कुडाळजवळ राहून व्हिडिओ संकलन करणाऱ्या व्यक्तीकडे येणारी कामे वर्षभराच्या सणवारांशी बांधलेली असतात. गणपतीत डबलबारी भजने, शिमग्यात पालखी, उन्हाळ्यात लग्ने आणि आंबा बागायतदारांच्या छोट्या जाहिराती, आणि तुळशीचे लग्न होऊन गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की दशावतार हे लोकनाट्य. यांपैकी दशावताराचे काम मला सर्वांत प्रिय आहे आणि तेच सर्वांत अवघडही आहे. आडदशावतारापासून (मुख्य आख्यानाआधीचा पूर्वरंग) पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत (शेवटचा विधी) जत्रेतील प्रयोग रात्रभर चालतो; संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे पुढच्या क्षणी कोणता नट तोंड उघडेल हे कॅमेऱ्यामागे उभे असलेल्या माणसाला ठाऊक नसते, आणि म्हणून एकाच वेळी तीन कॅमेरे चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. सकाळी घरी येताना मेमरी कार्डांत जे साठलेले असते ते पाच-सहा तासांचे तिप्पट फुटेज असते.

प्रीमियर प्रो या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील नेस्टेड सिक्वेन्स या सुविधेचे हे परीक्षण मी अशाच कामांच्या आधारे लिहीत आहे. या सॉफ्टवेअरच्या इतर अंगांविषयी येथे फारसे बोलणार नाही, कारण रात्रभराच्या प्रयोगासारखे लांबलचक काम हाती असते तेव्हा संकलकाचे भले-बुरे बरेचसे या एकाच सुविधेवर ठरते, असे माझे मत झाले आहे.

टाइमलाइनवर क्लिपा मांडून जो क्रम तयार होतो त्याला सिक्वेन्स म्हणतात. असा एक अख्खा सिक्वेन्स उचलून दुसऱ्या सिक्वेन्समध्ये एखाद्या साध्या क्लिपसारखा ठेवला, की तो नेस्ट झाला. आत ट्रॅक दोन असोत की वीस, बाहेरून तो चित्राच्या एका आणि आवाजाच्या एका अशा जोडलेल्या पट्टीच्या रूपातच दिसतो. मूळ रंगयोजनेत ही पट्टी हिरवी असते, त्यामुळे साध्या क्लिपांच्या गर्दीतही ती चटकन ओळखू येते. तिच्यावर दोनदा क्लिक केले की आतला सिक्वेन्स वेगळ्या टॅबमध्ये उघडतो. प्रीमियर हे सॉफ्टवेअर १९९१ साली आले, २००३ साली ते नव्याने लिहून प्रीमियर प्रो या नावाने आणले गेले, आणि एकाच प्रोजेक्टमध्ये अनेक सिक्वेन्स ठेवून ते एकमेकांत बसवण्याची सोय त्यात तेव्हापासून आहे. म्हणजे ही सुविधा नवी नाही. तरीही माझ्या ओळखीतील कित्येक संकलक तिचा उपयोग केवळ पसारा आवरण्यासाठी करतात आणि पुढे अडचणीत आले की नेस्टला दोष देतात, असे मी वारंवार पाहिले आहे.

या साऱ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. नेस्टची पट्टी ही आतल्या दृश्यांची प्रत नसते, ती मूळ सिक्वेन्सकडे नेणारा दुवा असते. मूळ सिक्वेन्समध्ये आज जे आहे तेच ती दाखवते. उद्या तेथे बदल झाला, तर प्रोजेक्टमध्ये जेथे जेथे तो सिक्वेन्स बसवलेला असेल तेथे तेथे तो बदल आपोआप पोहोचतो. या सुविधेचे जे गुण मी पुढे सांगणार आहे ते यातूनच येतात आणि दोषही यातूनच येतात.

गुणांमध्ये पहिला मान मल्टिकॅमचा, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र जुळवून संकलित करण्याचा. तिन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिपा निवडून मल्टिकॅमेरा सोर्स सिक्वेन्स तयार करण्याची आज्ञा दिली, की इन पॉइंट किंवा आउट पॉइंट (सुरुवातीची आणि शेवटची खूण), टाइमकोड (फ्रेमगणिक नोंदलेली वेळ), मार्कर (स्वतः लावलेली खूण) किंवा आवाज यांपैकी ज्या आधारे सांगू त्या आधारे सॉफ्टवेअर त्या जुळवून देते. जो तयार होतो तो नेस्टच असतो. फक्त त्यातील कोणता कॅमेरा दिसावा हे बाहेरून ठरवता येते. मग प्रयोग चालू ठेवून १, २, ३ या कळा दाबत जायचे आणि कट पडत जातात. शिफ्ट आणि शून्य एकत्र दाबले की तिन्ही दृश्ये शेजारी शेजारी दिसतात. आख्यान रंगात आलेले असताना नटाच्या डोळ्यांकडे पाहत केलेले असे संकलन आणि एकेक कट माउसने करत केलेले संकलन यांत मोठा फरक पडतो, कारण पहिल्यात हात पखवाजाच्या ठेक्यावर चालतो.

मागील हंगामातील एका प्रयोगाचे उदाहरण सविस्तर सांगते. पहिला कॅमेरा रंगमंचाला लागून, जेथे हार्मोनियम, पखवाज आणि झांज घेऊन वादक बसतात त्या बाजूला होता. दुसरा प्रेक्षकांच्या मधोमध होता. तिसरा सर्वांच्या मागे, देवळाच्या पायरीवर, रंगमंचापासून साधारण २७ मीटर दूर ठेवला होता, जेणेकरून संपूर्ण मंच आणि समोरची गर्दी एकत्र टिपता येईल. कॅमेऱ्यांची घड्याळे एकमेकांशी मिळवलेली नव्हती, म्हणून आवाजाच्या आधारे क्लिपा जुळवल्या आणि दोन दिवस बसून पहिल्या दीड तासाचे संकलन केले. त्यात चारशेच्या आसपास कट झाले होते. मंडळातील पखवाज वाजवणाऱ्या काकांना तो भाग दाखवला, तेव्हा पाच मिनिटेही झाली नसतील, तोच ते म्हणाले, “ताई, झांज आदी दिसता आणि आवाज मागसून येता.” आणि ते केवळ तिसऱ्या कॅमेऱ्याच्याच दृश्यात होत होते.

कारण शोधायला थोडा वेळ लागला, पण ते सरळ होते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २७ मीटर अंतर कापायला त्याला सेकंदाचे आठ शतांश लागतात. आमचे चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने होते, म्हणजे एक फ्रेम सेकंदाच्या चार शतांशांची. तेव्हा मागच्या कॅमेऱ्याने झांज वाजलेली पाहिली त्या क्षणानंतर दोन फ्रेमांनी तिचा आवाज ऐकला होता. सॉफ्टवेअरने आपले काम चोख केले होते: त्याने तिन्ही आवाज एकमेकांवर बरोबर बसवले होते. पण उशिरा पोहोचलेला आवाज जागेवर आणण्यासाठी मागचा कॅमेरा दोन फ्रेम अलीकडे ओढला गेला आणि त्याबरोबर त्याचे चित्रही अलीकडे आले. दोन फ्रेमांचा फरक सामान्य प्रेक्षकाला कदाचित जाणवला नसता. ज्याची सारी हयात ठेका धरण्यात गेली आहे त्याला तो जाणवला.

आता चारशे कटांपैकी तिसऱ्या कॅमेऱ्याचे जेवढे होते तेवढे शोधून प्रत्येक दोन फ्रेम सरकवायचा म्हणजे पुन्हा एक दिवस गेला असता, आणि त्यातही काही नजरेतून सुटले असते. नेस्टमुळे ते करावे लागले नाही. कंट्रोल कळ धरून मल्टिकॅमच्या पट्टीवर दोनदा क्लिक केले, मूळ सिक्वेन्स टाइमलाइनवर उघडला, तिसऱ्या कॅमेऱ्याची क्लिप दोन फ्रेम उजवीकडे सरकवली आणि बाहेर आले. सगळे कट जागच्या जागी राहिले आणि त्यांतील चित्र दुरुस्त झाले. अंतिम आवाज पहिल्या कॅमेऱ्याचा घेतलेला असल्यामुळे तिसऱ्याचा आवाज पुढे-मागे झाल्याने काही बिघडले नाही. मध्यावरच्या कॅमेऱ्यालाही त्याच वेळी एक फ्रेम सरकवली. हा एक प्रसंग मला या सुविधेच्या बाजूने उभे करायला पुरेसा होता.

रंगाचेही तसेच. मागच्या कॅमेऱ्याच्या चित्रात मंडपातील ट्यूबलाइटमुळे हिरवट झाक आली होती, तर पुढच्या कॅमेऱ्यात मंचावरच्या दिव्यांनी संकासुर या राक्षसपात्राचा काळा वेशही तपकिरी दिसत होता. मूळ मल्टिकॅम सिक्वेन्समध्ये प्रत्येक कॅमेऱ्याच्या क्लिपेवर रंगसुधारणा एकदाच केली, आणि ती रात्रभराच्या सर्व कटांना लागू झाली. मात्र रात्री दोननंतर कोणी मंडपातील काही दिवे बंद केले होते. तेथून पुढे वेगळी सुधारणा हवी होती, म्हणून आत त्या ठिकाणी क्लिप कापून दुसऱ्या तुकड्याला वेगळे रंग दिले. बाहेरच्या संकलनाला त्याचा पत्ताही लागला नाही.

मल्टिकॅम सोडून साध्या नेस्टकडे वळते. ते दोन प्रकारे करता येते. टाइमलाइनवरील क्लिपा निवडून राइट क्लिकच्या यादीतील नेस्ट ही आज्ञा द्यावी, किंवा आधी स्वतंत्र सिक्वेन्स तयार करून तो प्रोजेक्ट पॅनेलमधून ओढून आणावा. दुसऱ्या पद्धतीत टाइमलाइनच्या डाव्या कोपऱ्यात वर असलेल्या छोट्या बटनाकडे लक्ष द्यावे लागते: ते चालू असेल तर सिक्वेन्स नेस्ट म्हणून येतो, बंद असेल तर आतल्या क्लिपा सुट्या होऊन येतात. अनेकांना हे बटन कशासाठी आहे हेच माहीत नसते. नेस्ट करताना सॉफ्टवेअर स्वतःहून क्रमांकाचे नाव सुचवते; ते कधीही तसेच ठेवू नये, कारण वीस-पंचवीस नेस्ट झाल्यावर सतरा क्रमांकात गणपतीचा प्रवेश आहे की सरस्वतीचा, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

या दोन पद्धतींपैकी मी आता जवळजवळ नेहमी दुसरीच वापरते, आणि त्याचे कारण प्रत्येक नव्या संकलकाने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. निवडलेल्या क्लिपांचा नेस्ट केला, की आतला सिक्वेन्स नेमका तेवढ्याच लांबीचा होतो. पहिल्या क्लिपेच्या आधीचे आणि शेवटच्या क्लिपेच्या नंतरचे फुटेज मूळ फायलीत असते, पण नेस्टच्या दृष्टीने ते नसतेच. त्यामुळे संकासुराचा प्रवेश संपून आख्यान सुरू होते तेथे, दोन नेस्टच्या सांध्यावर, सावकाश विरघळत जाणारा डिझॉल्व्ह टाकायला गेले की त्यासाठी लागणाऱ्या जादा फ्रेमा दोन्ही बाजूंना उपलब्ध नसतात. आधीच्या नेस्टची शेवटची बाजू सोपी असते: आत जाऊन शेवटची क्लिप एक सेकंद लांबवली, की बाहेर डिझॉल्व्हला जागा मिळते. पुढच्या नेस्टची सुरुवातीची बाजू त्रासदायक असते. सिक्वेन्स शून्यापासून सुरू होतो आणि शून्याच्या आधी जागा नसते. म्हणून आतले सारे काही २५ फ्रेम उजवीकडे सरकवायचे, पहिली क्लिप डावीकडे लांबवून ती रिकामी जागा भरायची, आणि बाहेर येऊन पाहावे तर चित्र एक सेकंद उशिरा धावते आहे, कारण बाहेरची पट्टी अजूनही आतल्या शून्यापासूनच वाचते आहे. मग स्लिप टूल घेऊन पट्टीतील मजकूर २५ फ्रेम मागे ओढायचा. हे एकदा करायला हरकत नाही. प्रत्येक प्रवेशासाठी करावे लागले तर माणूस रडकुंडीला येतो. म्हणूनच मी प्रवेशाचा सिक्वेन्स आधी वेगळा तयार करते, दोन्ही टोकांना दोन-दोन सेकंद मोकळे चित्र ठेवते, आणि मुख्य सिक्वेन्समध्ये आणताना ती टोके सोडून मधलाच भाग घेते. कापडाला शिवणीसाठी माया ठेवावी तसे हे आहे, आणि शिंप्याला जे पहिल्या दिवशी शिकवतात ते संकलनात बहुतेकांना स्वतःच्या नुकसानीतून शिकावे लागते.

लांबीच्या बाबतीत आणखी एक नियम ध्यानात ठेवायला हवा. मूळ सिक्वेन्समधील चित्र बदलले तर बाहेर लगेच बदलते, पण मूळ सिक्वेन्सची लांबी बदलली तर बाहेरच्या पट्टीची लांबी बदलत नाही. आत काही वाढवले तर बाहेर ती पट्टी स्वतः ओढून लांबवावी लागते. आत काही कमी केले तर उरलेल्या जागेत काळे चित्र आणि शांतता येते. हे वागणे योग्यच आहे, कारण पट्टी आपोआप लांब-आखूड होऊ लागली तर पुढचे सगळे संकलन आवाजावरून घसरेल. तरीही त्याची किंमत मी एकदा मोजली आहे. एका प्रयोगाची दोन रूपे हवी होती: मंडळासाठी संपूर्ण, आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी मोबाइलवर पाहण्यासाठी चाळीस मिनिटांचे. मी संपूर्ण सिक्वेन्सची प्रत काढली, तिला संक्षिप्त असे नाव दिले आणि त्या प्रतीत काटछाट सुरू केली. बाहेरचे कट करत होते तोवर ठीक होते. पण आडदशावताराचा भाग फार लांबला म्हणून मी त्याच्या नेस्टमध्ये शिरून मधली सात मिनिटे काढून टाकली. प्रत बाहेरच्या सिक्वेन्सची निघाली होती; आतला नेस्ट दोन्ही रूपांत तोच एक होता. मंडळाला दिलेल्या संपूर्ण रूपात आडदशावताराचा मधला भाग गायब झाला आणि शेवटी सात मिनिटे काळा पडदा आला, आणि ते मंडळाच्या बैठकीत सर्वांसमोर पाहताना लक्षात आले. चूक माझी होती आणि ती भरून काढायला मला दोन रात्री जागावे लागले. तेव्हापासून नियम ठेवला आहे: ज्या रूपात नेस्टच्या आत हात घालायचा आहे त्या रूपासाठी प्रोजेक्ट पॅनेलमध्ये जाऊन आतल्या सिक्वेन्सचीही वेगळी प्रत काढायची, तिला वेगळे नाव द्यायचे, आणि बाहेरची पट्टी त्या प्रतीने बदलायची. टाइमलाइनवर ऑल्ट धरून पट्टी ओढल्याने मिळते ती दुसरी पट्टी असते, दुसरा सिक्वेन्स नसतो.

मोबाइलसाठी उभे चित्र करण्याचे काम मात्र नेस्टने फारच सुखाचे केले आहे. १०८० बाय १९२० आकाराचा नवा सिक्वेन्स घ्यावा, त्यात आडवा तयार सिक्वेन्स नेस्ट म्हणून ठेवावा, आणि नट मंचावर जसा सरकेल तशी त्या एकाच पट्टीची जागा किफ्रेमने, म्हणजे कोणत्या क्षणी चित्र कोठे असावे हे ठरवणाऱ्या खुणांनी, सरकवत जावी. आत पुढे कधी एखाद्या नटाच्या नावाची पट्टी दुरुस्त केली तर उभ्या रूपातही ती दुरुस्त होऊन येते. येथे आकाराचे गणित आधीच नीट करावे लागते. आडवा सिक्वेन्स १९२० बाय १०८० असेल, तर उभी चौकट भरण्यासाठी त्याला १७८ टक्क्यांपर्यंत मोठे करावे लागते. मूळ फुटेज फोरकेमध्ये (३८४० बाय २१६०) घेतलेले असले तरी उपयोग होत नाही. नेस्टचे चित्र आधी त्याच्या स्वतःच्या आकारात बांधले जाते आणि मग मोठे केले जाते, त्यामुळे आत शिल्लक असलेला तपशील बाहेर येत नाही आणि मुखवट्यावरील रंगरेषा धूसर दिसतात. तोच आडवा सिक्वेन्स ३८४० बाय २१६० चा असेल, तर चौकट ८९ टक्क्यांतच भरते आणि चित्र ताजेतवाने राहते. उभे रूप लागणार असे आधी माहीत असेल, तर आतला सिक्वेन्स सुरुवातीपासूनच मोठ्या आकाराचा घ्यावा.

चित्र स्थिर करणारा वॉर्प स्टॅबिलायझर आणि क्लिपेचा वेग बदलणे या दोन गोष्टी एकाच क्लिपेवर एकत्र चालत नाहीत. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्यांच्या मधून चालत घेतलेले दृश्य संथ गतीत हवे असेल, तर एक काम आत आणि दुसरे बाहेर असे नेस्टने विभागून घेता येते. सिक्वेन्सपेक्षा वेगळ्या आकाराच्या क्लिपेवर हा स्टॅबिलायझर लावायचा असला तरी हीच युक्ती चालते.

आवाजाविषयी मात्र माझे समाधान झालेले नाही. नेस्टमध्ये आतल्या सर्व ट्रॅकचे मिश्रण होऊन बाहेर एकच आवाज येतो. गायकाचा आवाज किंचित वर घ्यायचा आणि हार्मोनियम खाली, असे काही करायचे झाले तर दर वेळी आत जावे लागते, आणि आत असताना पुढचे-मागचे प्रवेश ऐकू येत नाहीत. म्हणून मी केवळ चित्राचा नेस्ट करते आणि आवाजाचे ट्रॅक मुख्य सिक्वेन्समध्ये मोकळे ठेवते. याचीही अडचण आहे: आत गेल्यावर ते मूक चित्र असते, आणि संवाद ऐकल्याशिवाय दशावताराचा कट कोठे घ्यावा हे ठरवणे जवळजवळ अशक्य असते. त्यावर उपाय म्हणून आत संदर्भापुरता आवाज ठेवायचा आणि बाहेर नेस्टची आवाजाची पट्टी बंद करून टाकायची, अशी तडजोड मी केली आहे. तिने काम चालते. पण ती तडजोडच आहे.

जडपणाचा प्रश्नही खरा आहे. नेस्टच्या आत नेस्ट आणि त्याच्या आत मल्टिकॅम अशी उतरंड रचली, की साध्या लॅपटॉपवर चित्र अडखळू लागते, कारण प्रत्येक फ्रेमसाठी सॉफ्टवेअरला सर्वांत आतपासून बाहेरपर्यंत हिशेब करत यावे लागते. प्रॉक्सी फायली, म्हणजे मूळ फुटेजच्या हलक्या प्रती, केल्याने बराच दिलासा मिळतो. ज्या नेस्टमधील काम पक्के झाले आहे त्याला रेंडर अँड रिप्लेस ही आज्ञा द्यावी. सॉफ्टवेअर त्याची एक बांधीव फाइल करून पट्टीच्या जागी ठेवते, आणि पुढे बदल करायचाच झाला तर मूळ नेस्ट परत आणता येतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. पाच तासांचा प्रयोग एका दमात एक्स्पोर्ट करायला लावला आणि चौथ्या तासाला वीज गेली, तर सगळे पुन्हा करावे लागते. प्रवेशवार नेस्ट एकेक करून बांधून ठेवले असतील, तर वाया जातो तो एकच प्रवेश. याच कारणासाठी मी आता कोणताही नेस्ट पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लांब ठेवत नाही.

काम दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचे असेल तेव्हा नेस्ट आधी सोडवून द्यावेत. मी मुंबईतील एका स्टुडिओला रंगकामासाठी एका लघुपटाचा सिक्वेन्स एक्सएमएल या, एका सॉफ्टवेअरमधील संकलन दुसऱ्यात नेण्याच्या, स्वरूपात पाठवला होता, तो नेस्ट न सोडवताच. तेथील सॉफ्टवेअरमध्ये नेस्टवर बाहेरून दिलेले आकारमान आणि परिणाम निघून गेले होते, आणि रंगकाराला कोणते दृश्य कोठे संपते हे कळेना. सोडवण्याची जी पद्धत मी वापरते ती वर सांगितलेल्या बटनाचीच: ते बंद करून आतला सिक्वेन्स मुख्य सिक्वेन्सवर ओढावा, म्हणजे क्लिपा सुट्या होऊन बसतात. नेस्टच्या पट्टीवर बाहेरून लावलेले परिणाम या वाटेने सुट्या क्लिपांवर येत नाहीत, ते पुन्हा लावावे लागतात. येथे दाविंची रिझॉल्व्ह हे संकलनाचे दुसरे सॉफ्टवेअर अधिक सोपे आहे. त्यातील कंपाउंड क्लिप (तेथला नेस्ट) जागच्या जागी सुटी करण्याची आज्ञा राइट क्लिकच्या यादीतच मिळते, आणि आत शिरल्यावर आपण कोणत्या पातळीवर आहोत हे टाइमलाइनच्या खाली दिसत राहते. फायनल कट प्रोमध्येही कंपाउंड क्लिप फोडण्याची सरळ आज्ञा आहे, शिवाय एखादी कंपाउंड क्लिप मूळ दुव्यापासून तोडून स्वतंत्र करण्याची वेगळी आज्ञा आहे. माझी दोन रूपांची गफलत तेथे एका क्लिकने टळली असती. पण ते सॉफ्टवेअर विंडोजवर चालत नाही आणि माझ्याकडे मॅक नाही.

खर्चाचाही विचार करायला हवा. प्रीमियर प्रोच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून फक्त वर्गणी भरूनच वापरता येतात, आणि वर्षातील चार महिने कामे तुरळक असणाऱ्या कोकणातील संकलकाला ती वर्गणी दर महिन्याला जाणवते. ज्याला केवळ लग्ने आणि छोट्या जाहिराती करायच्या आहेत त्याने रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आधी वापरून पाहावी, कारण ३८४० बाय २१६० पर्यंतचे काम त्यात होते आणि नेस्टिंगही मिळते. केडेनलाइव्ह हे पूर्णपणे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि २३.०४ या आवृत्तीपासून त्यातही एका प्रोजेक्टमध्ये अनेक टाइमलाइन ठेवून त्या एकमेकांत बसवता येतात. पालखीच्या छोट्या फिती मी आता त्यातच करते. दशावतारासाठी मात्र मी प्रीमियर प्रोकडेच परत येते. त्यातील मल्टिकॅम आणि नेस्ट यांचा मेळ माझ्या हाताला बसला आहे, आणि काकांनी दाखवलेल्या दोन फ्रेमा जेथे इतक्या सहज हलवता आल्या ते साधन सोडावेसे वाटत नाही.

या कामाच्या जपणुकीसाठी माझी शेवटची पद्धत सांगते. मंडळाला अंतिम फाइल दिल्यावर मी मुख्य सिक्वेन्सची प्रत काढते, तिच्यातील सर्व नेस्ट सोडवते, मल्टिकॅमच्या पट्ट्या फ्लॅटन करून साध्या क्लिपांत बदलते, आणि ती प्रत मूळ सिक्वेन्सच्या शेजारी वेगळ्या नावाने ठेवते. दोन हार्ड डिस्कवर सगळे उतरवते आणि एक डिस्क मंडळाच्या पेटाऱ्यापासून दूर, कोरड्या जागी, नाट्यप्रयोगाची तारीख वर लिहून ठेवून देते. खाऱ्या दमट हवेत डिस्क खराब होतात, म्हणून दर पावसाळ्यानंतर ती जोडून सर्व फायली उघडतात की नाही ते तपासते.